टिश्यू कल्चरची केळी: बाटलीतून नागपूरच्या हवेत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरी केळीचं टिश्यू कल्चर करणाऱ्यांचे, म्हणजे कंदाचा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवून त्यातून अनेक रोपं काढणाऱ्यांचे, मेसेज मला वर्षभर येतात. कोंबांचा पुंजका फुटेपर्यंत फोटोंखाली नुसत्या टाळ्या असतात. त्यापुढे मुळं आणायची आणि रोप बाहेरच्या हवेला सरावायला लावायचं, म्हणजे हार्डनिंग करायचं, की रडारड सुरू. तेच ते प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. ती नागपूरच्या हवामानाला धरून आहेत; कोकणातल्या माणसाने यातलं अर्धं सोडून द्यावं. कंद निर्जंतुक करणं आणि कोंब वाढवणं हा विषय इथे घेतलेला नाही.

१. मला अंगणात दोनच केळी लावायच्या आहेत. हे सगळं करू का?

नको. ओळखीच्या बागेतून तलवारीसारख्या अरुंद पानांचा एक मुनवा (बुंध्याशी फुटलेलं पिल्लू) कंदासकट काढून आणा आणि लावा. टिश्यू कल्चर हौस म्हणून करायचं, नाहीतर एकाच चांगल्या झाडाची पन्नास-शंभर रोपं हवी असतील तेव्हा.

२. कोंब मुळांच्या मीडियावर (मुळं फुटावीत म्हणून बाटलीत जमवलेल्या खाद्यावर) कधी टाकायचा?

कोंब तीन-चार सेंटिमीटरचा झाला, त्याला दोन-तीन उघडी पानं आली आणि तो पुंजक्यापासून बुडाशी सुटा करता आला, की टाका. मूग-मटकीएवढे कोंब घाईने टाकले तर ते नुसते बसून राहतात. वाढीच्या मीडियातला बीएपी (कोंब फुटवणारं हार्मोन) कोंबाच्या अंगात काही दिवस राहतो आणि तो मुळांना अडवतो. पुंजका फार दाट असेल, बीएपी जास्त वापरला असेल, तर मध्ये एक फेरी बिनहार्मोनच्या मीडियावर द्या. तीन आठवडे जातात, पण पुढे कोंब एकसारखे मुळं धरतात.

३. मुळांसाठी मीडिया कसा बनवायचा?

मी एक लिटरला हे घेतो: अर्ध्या ताकदीचे एमएस क्षार, साखर ३० ग्रॅम, अगर ७ ग्रॅम, आयबीए (मुळं फुटवणारं हार्मोन) १ मिलिग्रॅम, ॲक्टिव्हेटेड चारकोल २ ग्रॅम. पीएच ५.८. एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या उतींसाठी मांडलेलं मिश्रण; पुढे ते निम्म्या जगाने सगळ्याच झाडांसाठी उचललं. तयार पुडा बहुधा लिटरला साडेचार ग्रॅमच्या आसपास असतो, त्याचा अर्धा घ्यायचा. पण आधी लेबल वाचा. काही पुड्यांत साखर आणि अगर आधीच घातलेलं असतं, आणि वरून पुन्हा घातलं की बाटलीत बर्फी जमते.

आयबीए नुसत्या पाण्यात विरघळत नाही. आधी थोड्या स्पिरिटमध्ये किंवा कॉस्टिक सोड्याच्या दोन-चार थेंबांत विरघळवा, मग पाणी घाला. १०० मिलीत १०० मिलिग्रॅम असा साठा करून फ्रिजमध्ये ठेवला की लिटरला १ मिली घातलं, काम झालं. त्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, घरात लहान मुलं असतात.

चारकोल तळाशी बसतो. कुकरमधून काढल्यावर मीडिया घट्ट होण्याआधी प्रत्येक बाटली हळूच गोल फिरवावी लागते. चारकोलमुळे अगर थोडं सैल जमतं, तेव्हा अर्धा ग्रॅम वाढवायला हरकत नाही. किराणा दुकानातल्या चायना ग्रासनेही जमतं, पण प्रत्येक पुड्याचा घट्टपणा वेगळा. आधी एक वाटीभर जमवून बघा.

कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर आच मंद करून २० मिनिटं. बाटल्या पाऊणपेक्षा कमी भरा आणि झाकणं अर्धा आटा सैल ठेवा.

४. आयबीए मिळाला नाही तर अडेल का?

अडणार नाही. केळ मुळांच्या बाबतीत उदार झाड आहे. बिनहार्मोनच्या अर्ध्या एमएसवरही बहुतेक कोंब मुळं काढतात, फक्त आठवडाभर उशिरा आणि थोडी कमी. आयबीएऐवजी एनएए तेवढाच घेतला तरी चालतो. डोस दुप्पट केला म्हणून मुळं दुप्पट येत नाहीत. उलट आखूड, जाड येतात आणि बुडाशी गाठ धरते.

५. मुळं काळी दिसतात. सडली का?

चारकोल घातला असेल तर आधी धुऊन बघा. काजळी निघून खाली पांढरं, करकरीत मूळ दिसलं तर सगळं ठीक. बोटाने दाबल्यावर मूळ मऊ लागलं आणि साल दोऱ्यावरून सरकावी तशी सुटून आली, तर मात्र ते गेलं.

६. बाटली कधी उघडायची?

पहिली मुळं दहा-पंधरा दिवसांत दिसतात. उघडायची वेळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात: रोप पाच ते आठ सेंटिमीटर, पानं तीन-चार, मुळं तीन ते पाच. मुळं बाटलीभर गुंडाळी करेपर्यंत थांबू नका. अगरमध्ये वाढलेल्या मुळांना बारीक केस जवळपास नसतातच, त्यामुळे लांबी बघून खूश होण्यात अर्थ नाही. कुंडीत जी नवी मुळं फुटतात, तीच पुढे रोपाला पोसतात.

उघडण्याआधी बाटल्या चार-पाच दिवस जास्त उजेडात ठेवा, ऊन मात्र नको. शेवटच्या दोन दिवसांत झाकण पाव आटा सैल करा. त्याहून जास्त दिवस सैल ठेवलं तर साखरेवर बुरशी येणारच.

७. बाटलीत हिरवीगार होती, बाहेर काढली अन् दोन तासांत माना टाकल्या. काऊन?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. विचारणारा दर वेळी मुळांना दोष देतो, पण दोष पानाचा असतो.

बाटलीतली हवा जवळजवळ शंभर टक्के दमट. अशा हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नावालाच असतो. पानावरची रंध्रं बंद व्हायलाच शिकलेली नसतात, आणि अन्न साखरेतून आयतं मिळत असल्याने पान स्वतः फारसं कमावतही नाही. हात लावून बघा: बाटलीतलं पान ओल्या टिश्यू पेपरसारखं लुळं लागतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरतो. महिनाभराने, बाहेर निघालेल्या तिसऱ्या पानावर थेंब टाका, तो मण्यासारखा घरंगळून जातो. हार्डनिंग म्हणजे या दोन पानांमधलं अंतर.

आता ते टिश्यू पेपरसारखं पान नागपूरच्या मार्चमधल्या दुपारी उघड्यावर ठेवा. हवेतला दमटपणा वीस टक्क्यांच्या आसपास. मुळं कितीही चांगली असली तरी तेवढं पाणी ती वर चढवू शकत नाहीत. म्हणून बाटलीतली पानं वाचवण्याचा आटापिटा करू नका. ती हळूहळू वाळणारच आहेत, फक्त नवा पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) निघेपर्यंत टिकली पाहिजेत. सगळी पानं कडेने वाळली आणि मधला पोंगा हिरवा, ताठ आहे, म्हणजे रोप पास झालं.

८. बाटलीतून काढताना नेमकं काय करायचं?

बाटलीत कोमट पाणी घाला, पाच मिनिटं थांबा, हलकेच हलवा. रोप मुळांना नव्हे, खोडाच्या बुडाला धरून बाहेर काढा. पसरट भांड्यात तीन पाणी बदलून अगर धुवा. मुळांच्या बेचक्यात अडकलेलं अगर जुन्या मऊ टूथब्रशने निघतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक टाळतात. चिकटलेल्या अगरमध्ये साखर असते, आणि कोकोपीटमधली बुरशी आधी तिथेच पंगत मांडते. मुळं फार लांब असतील तर तीन-चार सेंटिमीटर ठेवून कात्रीने छाटा.

मग कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम, त्यात पाच-दहा मिनिटं. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. रासायनिक नको असेल तर भरणीत (कुंडीत भरायच्या मिश्रणात) ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा. दोन्ही एकदम मात्र नको. कार्बेन्डॅझिम ट्रायकोडर्मालाही मारतं.

भरण म्हणून दोन भाग कोकोपीट आणि एक भाग परलाइट. परलाइट महाग वाटत असेल तर भंडारा-गोंदियाकडून येणारा धानाचा तूस जाळून काळा करून घ्या, छान चालतो. स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते दोन-तीन पाण्यांनी धुवा. ओल किती? मूठ दाबल्यावर दोन-तीन थेंब पडावेत, धार लागू नये. काळी माती या टप्प्यावर चिमूटभरसुद्धा नको.

९. झाकण किती दिवस ठेवायचं?

पारदर्शक डबा, उलटा घातलेला प्लास्टिकचा ग्लास, दोऱ्याने बांधलेली पिशवी, काहीही चालतं. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवाच. अंदाज फसतात.

पहिला आठवडा ८५ ते ९५ टक्के, झाकण बंद. दुसऱ्या आठवड्यात रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं उघडा, मग अर्धा तास, मग तास. पहिली उघडझाप संध्याकाळचीच, कारण रात्र पुढे असते आणि रोपाला सावरायला वेळ मिळतो. तिसऱ्या आठवड्यात झाकणाला भोकं पाडा किंवा ते तिरपं ठेवा. चौथ्या आठवड्यात, नवा पोंगा उलगडला असेल तर, झाकण काढा. पान लुळं पडलं तर घाबरून पाणी ओतू नका, झाकण परत ठेवा आणि दोन दिवस मागे जा.

आतल्या बाजूला सतत मोठे थेंब साचून रोपांवर गळत असतील तर दमटपणा जास्त झालाय. हलकं धुकं हवं.

१०. डबा कुठे ठेवू? कूलरसमोर चालेल का?

कूलरसमोर नको. त्याच खोलीत, झोताच्या बाहेर, चालेल. कूलर हवा दमट करतो हे खरं, पण झोत पानातलं पाणी ओढून नेतो. एसीची खोली तर आणखी कोरडी. तिथे झाकण काढायचा कार्यक्रम दुप्पट लांबवा.

उन्हाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती माझ्या खिशातून गेलेली आहे. ऑक्टोबर महिना, हवा बरी झालेली. चाळीस रोपांचा ट्रे, वर घट्ट पारदर्शक झाकण, आणि मी तो पश्चिमेच्या गॅलरीत ठेवून बाहेर गेलो. सकाळी तिथे सावली होती. चारनंतर ऊन तिरपं आत येतं हे मला ठाऊक होतं, त्याच गॅलरीत मी रोज चहा पितो. साडेपाचला आलो तेव्हा झाकण आतून पांढरं झालं होतं, आणि उचलल्यावर उकडलेल्या अळूच्या पानांसारखा वास आला. बंद डब्यात दहा-पंधरा मिनिटांचं ऊनसुद्धा कुकरचं काम करतं. डबा ठेवायच्या जागी आधी एक पूर्ण दिवस बंद डब्यात नुसतं थर्मामीटर ठेवून बघा. दुपारी आत ३२ च्या वर गेलं तर जागा बदला.

उत्तरेची खिडकी उत्तम. नाहीतर दोन साध्या एलईडी ट्यूब, रोपांच्या वर फूटभर, रोज बारा ते चौदा तास.

११. नागपुरात कोणत्या महिन्यात बाटल्या उघडाव्या?

मृग बरसल्यावर, जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. पावसाळ्यात आपली हवा स्वतःच सत्तर-ऐंशी टक्क्यांवर असते, त्यामुळे अर्धं हार्डनिंग फुकटात होतं. मी उलटा हिशोब लावतो: जुलैत बाटल्या उघडायच्या, तर मेच्या शेवटी कोंब मुळांच्या मीडियावर गेले पाहिजेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर चालतो, उन्हाची काळजी घेऊन. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो. केळीची वाढ १५-१६ अंशांखालीच मंदावते, त्यात ओलं कोकोपीट थंड राहतं आणि मुळं सडतात. फेब्रुवारीत उघडलेली रोपं दिसतात गोंडस, पण बारा आठवड्यांची होतात तेव्हा समोर मे उभा असतो. आणि नवतप्यात (मेअखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत), पारा ४५ च्या पुढे असताना, कोवळी रोपं गच्चीवर ठेवणाऱ्याला मी काय सांगणार, बाप्पा!

१२. पण माझ्या मुळं आलेल्या बाटल्या एप्रिलमध्येच तयार झाल्या. आता?

दोन मार्ग. पहिला: थांबवून ठेवा. मुळांच्या मीडियावर रोप सहा ते आठ आठवडे राहतं, घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. खालची पानं पिवळी पडू लागली तर ताज्या, बिनहार्मोनच्या अर्ध्या एमएसवर एकदा हलवा. जूनअखेर गाठता येते.

दुसरा: घरातच, डब्यात, ट्यूबखाली हार्डनिंग करा आणि झाकण पावसाळ्यापर्यंत पूर्ण काढूच नका. लाइट गेल्यावर खोली किती तापते ते बघून ठरवा. डब्याभोवती ओलं पोतं गुंडाळलं, वाळ्याच्या ताटीसारखं, तर दोन-तीन तास निभतात.

१३. मुळं आलेल्या बाटलीत बुरशी आली. फेकून देऊ?

इथे नेहमीचा नियम मोडायला हरकत नाही. कोंबांच्या बाटलीत बुरशी आली तर बाटली न उघडता कुकरमध्ये शिजवून फेकायची. पण रोपाला मुळं आली असतील आणि बुरशी कोपऱ्यात नुकतीच दिसली असेल, तर त्याच दिवशी प्रश्न ८ प्रमाणे काढून, धुऊन लावून टाका. काम घराबाहेर करा, जिथे कल्चर करता त्या खोलीत नको. यातली बरीच रोपं जगतात.

बुडाशी दुधाळ, साबणाच्या पाण्यासारखं वलय असेल तर ते जिवाणू. ते बहुधा कंदातूनच आलेले असतात. मुळं असतील तर तेही रोप लावून बघा. फक्त त्या कंदापासून आलेले कोंब पुढे वाढवू नका.

१४. मुळं नसलेला कोंब थेट कोकोपीटमध्ये लावला तर?

केळीत जमतं. कोंब पाच सेंटिमीटरचा तरी हवा, बूड आयबीएच्या पावडरीत किंवा द्रावणात बुडवून लावायचा आणि झाकण एक आठवडा जास्त ठेवायचं. पावसाळ्यात यश बरं मिळतं, मीडियाचा एक घाणाही वाचतो. सगळी अंडी एका टोपलीत नको. अर्धे असे, अर्धे बाटलीत.

१५. पाणी आणि खत?

पहिले दोन आठवडे खत नाही. मग १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. महिन्यानंतर एक ग्रॅम. बोअरचं जड पाणी टाळा. पानांवर पांढरे डाग राहतात, भरणीचा पीएच चढतो आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. ते लोह न मिळाल्याचं लक्षण. पावसाचं पाणी साठवा, नाहीतर नळाचं रात्रभर उघडं ठेवून वापरा.

१६. नव्या पानांवर लालसर-जांभळे डाग आलेत. रोग आहे का?

ग्रँड नैन ही केळी किंवा तिच्या गोतावळ्यातली जात असेल तर नाही. टिश्यू कल्चरच्या लहान रोपांवर असे डाग असतातच, मोठं झाल्यावर जातात. नर्सरीतले लोक उलट त्यावरूनच रोप ओळखतात.

पांढरे किंवा फिकट पिवळे पट्टे मात्र वेगळी गोष्ट. पट्टा प्रत्येक नव्या पानावर येत असेल, पान जाड, अरुंद किंवा सुरकुतलेलं असेल, पानं एकावर एक दाटून येत असतील, तर ते रोप बाजूला काढा. तो कल्चरमध्ये झालेला बदल असेल किंवा विषाणू असेल. डोळ्याने फरक कळेलच असं नाही, म्हणून ते रोप बागेत न्यायचं नाही. असे बदल कोंब वाढवायच्या फेऱ्यांबरोबर वाढतात. एका कंदापासून सात-आठ फेऱ्यांच्या पुढे जाऊ नका.

१७. खोड बुडाशी मऊ पडलं, घाण वास येतो.

जिवाणूंची सड. गरम आणि चिंब भरण हे कारण. ते रोप भरणीसकट बाहेर काढा, कंपोस्टात टाकू नका, हात आणि कात्री धुवा, शेजारच्यांचं पाणी निम्मं करा. वास नाही, पण मातीच्या पातळीवर खोड बारीक होऊन रोप आडवं पडलं, तर ती बुरशी. भरण सुकू द्या. वर घोंघावणारी बारीक काळी चिलटं तेच सांगतात: भरण सतत ओली आहे.

१८. पिशवीत आणि मग जमिनीत कधी?

झाकण निघाल्यावर आठवड्याभराने पाच बाय सात इंची पिशवीत: माती, रेती, शेणखत समभाग. पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली सहा ते आठ आठवडे, शेवटच्या दहा-बारा दिवसांत सकाळचं ऊन. रोप फूटभर, पानं पाच-सहा, की जमिनीत.

जुलैत उघडलेली बाटली अशी ऑक्टोबरात जमिनीत जाते, म्हणजे कांदेबागेच्या (केळीच्या ऑक्टोबरच्या आसपासच्या लागवडीच्या) वेळेला. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, तेव्हा वरंब्यावर लावा. घड वर्षभराने, थंडीत झाड बसून राहिलं तर दीड-दोन महिने जास्त.

१९. सफेद वेलची जातीच्या केळीला हेच लागू होतं का?

पद्धत तीच, गती कमी. एक धोका जास्त: ज्या जातींत बाल्बिसियाना या रानकेळीचा अंश आहे, त्यांतल्या काहींच्या जनुकांतच स्ट्रीक विषाणूचे तुकडे दडलेले असतात आणि कल्चरच्या ताणाने ते जागे होऊ शकतात. म्हणून अशा रोपांच्या पानांवर बारीक तुटक पिवळ्या रेषा दिसतात का, यावर नजर ठेवा. दिसल्या तर प्रश्न १६ प्रमाणे.

२०. शंभर रोपं उरली. विकू का?

शेतकऱ्याला विकू नका. विक्रीसाठी नर्सरीचा परवाना लागतो, आणि टिश्यू कल्चरच्या रोपांसाठी २००६ पासून केंद्राची प्रमाणन व्यवस्था आहे. तीत विषाणूची तपासणी होते. स्वयंपाकघरातल्या कुकरवर बंची टॉप हा केळीचा विषाणूरोग ओळखता येत नाही, आणि एक रोगट रोप शेजारच्या दहा एकरांची वाट लावू शकतं. शेजाऱ्यांच्या कुंड्यांपुरतं वाटा, कुठल्या झाडाचं आहे ते सांगून.

२१. दादा, तुमच्याकडून एक बाटली मिळेल का?

बाटली नाही. पोळ्यानंतर या, मुनवा देतो. पिशवी घरून आणा.